ऑगस्टा सॅव्हेज : मुलांच्या हातातल्या मातीला जागा देणाऱ्या बाई



थोरामोठ्यांची चरित्रं आपण वर्गात नेहमी सांगतो. आज ज्यांच्याविषयी लिहितेय त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. मलाही ते अलीकडेच कळलं. पण त्याआधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहायला घेतला.

गणपतीच्या आधी आमच्या दुसरीच्या वर्गात शाडूच्या मातीचा उपक्रम घेतला होता. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला एक मुलगा बाकाखाली हात घालून काहीतरी करत होता. मी हातच्याची वजाबाकी शिकवत होते आणि दोनदा सांगूनही त्याचं लक्ष नव्हतं. मी त्याच्या हातातला मातीचा गोळा घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो काही बोलला नाही, गणित लिहायला लागला. शाळा सुटल्यावर मावशींनी डबा रिकामा करताना ती वस्तू उचलून माझ्या टेबलावर ठेवली. ती रिक्षा होती. तीन चाकं, त्यातलं एक तुटलेलं, आणि आत बसलेला माणूस. त्या मुलाचे बाबा रिक्षा चालवतात.

काही दिवसांनी मुलांच्या मातीकामाविषयी वाचत असताना ऑगस्टा सॅव्हेज यांची माहिती समोर आली. त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शिल्पकार. लहानपणी मातीची खेळणी केली म्हणून मार खाल्लेल्या. पुढे त्या शिक्षिका झाल्या आणि आपल्या लोकांच्या कलेसाठी त्यांनी स्वतःचं कलादालनही उघडलं. वाचताना टेबलावरची ती रिक्षा सारखी आठवत होती.

जन्म आणि बालपण

ऑगस्टा यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९२ रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या छोट्या गावात झाला. माहेरचं आडनाव फेल्स. चौदा भावंडांमध्ये ती सातवी. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. घरात खाणारी तोंडं भरपूर आणि पैसा जेमतेम.

या गावात विटा पाडल्या जायच्या. त्यामुळे लाल, चिकट माती हाताशीच. दुकानातली खेळणी परवडत नव्हती, पण माती फुकट होती. छोटी ऑगस्टा मातीची बदकं, कोंबड्या, प्राणी करायची.

वडिलांना हे अजिबात पटत नव्हतं. मूर्ती घडवणं म्हणजे देवाची आज्ञा मोडणं अशी त्यांची श्रद्धा होती. आपल्याकडे पोळ्याला मातीचे बैल करतात, गणपतीची मूर्ती घरी केली तर कौतुक होतं. तिला मात्र त्याच कामासाठी आठवड्यातून चार-पाच वेळा मार मिळायचा. आपल्यातली कला वडिलांनी जवळजवळ मारूनच काढली होती, असं त्यांनी मोठेपणी सांगितलं आहे. तरी तिने माती सोडली नाही.

पंधराव्या वर्षीच तिचं लग्न झालं. १९०८ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव आयरीन. थोड्याच काळात नवरा वारला. पुढे सॅव्हेज आडनावाच्या गृहस्थाशी दुसरं लग्न झालं. ते टिकलं नाही, पण आडनाव कायम राहिलं.

पहिला पगार : दिवसाला एक डॉलर

पुढे हे कुटुंब फ्लोरिडातच वेस्ट पाम बीच या गावी राहायला गेलं. हे समुद्रकाठचं गाव. सगळीकडे वाळू, मूर्ती करायला माती नाही. बराच काळ ऑगस्टाचे हात रिकामेच राहिले. मग एका कुंभारकामाच्या कारखान्यातून तिला थोडी माती मिळाली. त्या मातीतून तिने काही वस्तू केल्या, त्यात येशूची आई मेरी हिची मूर्तीही होती. ती पाहून वडीलही नरमले.

इथे एका मुख्याध्यापकांचा वाटा फार मोठा आहे. ऑगस्टा तेव्हा स्वतः त्याच शाळेत शिकत होती. तिचं काम पाहून त्यांनी तिला इतर मुलांना मातीकाम शिकवायला सांगितलं आणि त्याचा दिवसाला एक डॉलर पगार ठरवला. विद्यार्थिनीलाच त्यांनी शिक्षिका केलं! शिकवणं आपल्याला आवडतं, हे तिला तिथे कळलं. पुढे आयुष्यभर कला आणि शिकवणं तिच्या हातून सुटलं नाही.

आपल्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात, म्हणून इथून पुढे मीही त्यांना ऑगस्टाबाईच म्हणणार आहे.

१९१९ मध्ये तिथल्या जिल्ह्याच्या जत्रेत त्यांनी आपल्या वस्तूंचा स्टॉल मांडला. त्याला २५ डॉलरचं बक्षीस मिळालं. जत्रेच्या अधीक्षकांनी त्यांना न्यूयॉर्कला जाऊन शिकायचा सल्ला दिला आणि ओळखीच्या एका मोठ्या शिल्पकाराच्या नावे चिठ्ठीही दिली.

चार डॉलर साठ सेंट

१९२१ मध्ये ऑगस्टाबाई न्यूयॉर्कला पोहोचल्या तेव्हा त्यांच्याजवळ होते ४ डॉलर ६० सेंट आणि ती चिठ्ठी. ज्यांच्या नावे चिठ्ठी होती त्यांची फी काही या बाईंना परवडण्यासारखी नव्हती. पण त्या शिल्पकाराने त्यांना कूपर युनियन या संस्थेकडे पाठवलं. तिथे शिक्षण मोफत होतं. प्रवेशासाठी मोठी प्रतीक्षा यादी होती. बाईंचं काम पाहून त्यांना यादीतल्या १४२ जणांच्या आधी प्रवेश देण्यात आला.

फी नव्हती, पण पोट होतंच. एका इमारतीत देखभालीचं काम करून त्या शिकत होत्या. ते काम सुटलं आणि शिक्षण सोडायची वेळ आली. तेव्हा संस्थेनेच त्यांच्या राहण्या-जेवणाचा खर्च उचलला. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत पूर्ण केला.

त्या राहत होत्या हार्लेममध्ये. न्यूयॉर्कचा हा भाग समजल्याशिवाय ऑगस्टाबाई समजत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण शाळा, रेल्वेचे डबे, पाणी प्यायचे नळ, सगळं गोऱ्यांचं वेगळं आणि काळ्यांचं वेगळं होतं. त्या जाचाला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं उत्तरेकडच्या शहरांत आली. आमच्या ऐरोली-दिघा भागात जशी वेगवेगळ्या जिल्ह्यांतून कामासाठी आलेली माणसं एकमेकांच्या आधाराने राहतात, तसंच हे हार्लेम. तिथे कवी होते, गायक होते, संपादक होते आणि एक सार्वजनिक वाचनालय होतं. त्या वाचनालयासाठी ऑगस्टाबाईंनी थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा अर्धपुतळा केला. त्यातून त्यांचं नाव झालं.

मराठी माणसाला इथे दोन गोष्टी आठवायला हव्यात. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. आणि बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमच्या अगदी शेजारी, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिलं ते हेच ड्यू बॉइस. ऐरोलीच्या सेक्टर १५ मधलं बाबासाहेबांचं स्मारक मुलांना दाखवताना आता मी हार्लेमचाही विषय काढते.

परत आलेला अर्ज

१९२३ मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लो इथल्या कलाशाळेत उन्हाळी वर्गासाठी शंभर अमेरिकन मुलींची निवड होणार होती. ऑगस्टाबाईंनी अर्ज केला, पैसे भरले. पण त्या कृष्णवर्णीय आहेत हे निवड समितीला कळलं आणि अर्ज नाकारून पैसे परत पाठवण्यात आले. कारण काय, तर दक्षिणेतल्या गोऱ्या मुलींना त्यांच्याबरोबर प्रवास करणं, एकत्र राहणं अवघड वाटेल!

बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी वर्तमानपत्रांतून दाद मागितली. आपल्याला नाकारलं तर पुढच्या मुलीलाही असंच नाकारतील, ही त्यांची खरी काळजी होती. प्रकरण खूप गाजलं, पण निर्णय बदलला नाही. समितीतल्या हर्मन मॅकनील या एकाच शिल्पकाराला खंत वाटली आणि त्यांनी बाईंना आपल्याकडे शिकायला बोलावलं. या भांडणाची किंमत मात्र बाईंनाच मोजावी लागली. भांडखोर अशी त्यांची ओळख करून देण्यात आली.

त्याच वर्षी त्यांनी रॉबर्ट पोस्टन यांच्याशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी लायबेरियाहून परतताना बोटीवरच पोस्टन यांचा मृत्यू झाला.

१९२५ मध्ये रोमच्या कला अकादमीत शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. पण ती फक्त फीपुरती होती. बोटीचं भाडं, राहणं, जेवण हे सगळं स्वतःचं. बाई तेव्हा लाँड्रीत कपड्यांच्या ढिगात राबत होत्या, शिवाय आईवडिलांकडेही बघायचं होतं. पैसे जमले नाहीत आणि रोमला जाणं राहून गेलं. बाबासाहेबांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा राहण्या-जेवणाच्या खर्चासाठीही होती, म्हणून ते अमेरिकेत राहून शिकू शकले. फक्त फी माफ केली म्हणजे गरीब मूल शिकू शकतं असं नाही. आपल्या वर्गातल्या मुलांच्या बाबतीत हे आपण रोज बघतो.

'गॅमिन' : वीतभर उंचीचा मुलगा

१९२९ च्या सुमारास ऑगस्टाबाईंनी आपल्या भाच्याला समोर बसवून एका मुलाचा अर्धपुतळा केला. नाव ठेवलं 'गॅमिन', म्हणजे रस्त्यावर हुंदडणारा पोरगा. डोक्यावर तिरकी टोपी, चुरगळलेला शर्ट, मान किंचित कललेली. त्याची वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातली प्रत साधारण वीतभर उंचीची आहे.

त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाचं चित्र म्हणजे बहुतेक वेळा जाड ओठांचं, हसू यावं म्हणून काढलेलं व्यंगचित्रच असायचं. ऑगस्टाबाईंनी एका साध्या मुलाला फक्त मुलगा म्हणून घडवलं. त्याच्या डोळ्यांत खोडकरपणा आहे आणि वयापेक्षा थोडं जास्त शहाणपणही. असा चेहरा प्रत्येक शिक्षकाने शेवटच्या बाकावर पाहिलेला असतो.

ब्रॉन्झमध्ये ओतायला पैसे नव्हते. म्हणून प्लास्टरची मूर्ती करून तिला ब्रॉन्झसारखा रंग दिला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हीच गोष्ट पुन्हा येणार आहे.

या कामामुळे त्यांना रोझेनवाल्ड फेलोशिप मिळाली आणि १९२९ मध्ये त्या पॅरिसला गेल्या. शिवाय हार्लेममधल्या लोकांनी कार्यक्रम करून निधी जमवला. महिला मंडळांनी आणि फ्लोरिडातल्या एका कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या शिक्षकांनीही पैसे पाठवले. ज्या देशात जायला एका समितीने नाही म्हटलं, त्याच देशात समाजाने वर्गणी काढून आपल्या मुलीला धाडलं! पॅरिसच्या मानाच्या प्रदर्शनांत त्यांची शिल्पं लागली.

तळघरातली शाळा

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाई परत आल्या तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. शिल्पं विकत कोण घेणार? १९३२ मध्ये त्यांनी हार्लेममध्ये एका तळघरात सॅव्हेज स्टुडिओ सुरू केला. ज्याला शिकायचंय त्याने यावं. लहान मुलं, तरुण, काम करणारी माणसं, सगळी यायला लागली. स्वतःच्या शिल्पांसाठी वेळ उरत नव्हता, पण त्यांनी दार बंद केलं नाही.

त्यांच्या विद्यार्थ्यांतली तीन नावं सांगते.

पहिला जेकब लॉरेन्स. घरची गरिबी, हायस्कूल अर्धवट सुटलेलं. त्याने पोस्टात नोकरी धरावी असं आईला वाटायचं. सरकारने तेव्हा बेकार कलाकारांना पगारावर काम देण्याची योजना काढली होती. ऑगस्टाबाई त्याला घेऊन त्या कचेरीत गेल्या. पण त्याला २१ वर्षं पूर्ण नव्हती, म्हणून नकार मिळाला. जेकब ते विसरून गेला. बाई विसरल्या नाहीत. तो २१ वर्षांचा झाल्यावर त्या पुन्हा त्याला घेऊन गेल्या आणि नाव नोंदवलं. आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट असा पगार सुरू झाला. दिवसभर फक्त चित्रं काढायची आणि त्याचे पैसे मिळायचे! त्यानंतर १९४०-४१ मध्ये त्याने दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या आपल्या लोकांच्या स्थलांतरावर ६० चित्रांची मालिका केली. आज ती अमेरिकेतल्या दोन मोठ्या संग्रहालयांत अर्धी-अर्धी ठेवलेली आहे.

दुसरी ग्वेंडोलिन नाइट, पुढे स्वतः नावाजलेली चित्रकार. जेकबशी तिचं लग्न झालं.

तिसरा केनेथ क्लार्क. हा चित्रकार झाला नाही, मानसशास्त्रज्ञ झाला. त्याने आणि त्याची पत्नी मेमी हिने लहान मुलांसमोर काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवून विचारलं की यातली छान कोणती. बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनीही गोरी बाहुलीच दाखवली. वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनात स्वतःविषयी काय बसतं, हे त्यातून दिसलं. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तेव्हा क्लार्क यांच्या कामाचा आधार घेतला गेला.

बाईंकडे आलेला प्रत्येक जण कलाकार झाला नाही, आणि व्हायलाच हवं असंही नव्हतं.

१९३७ मध्ये सरकारी योजनेतून हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर सुरू झालं आणि ऑगस्टाबाई त्याच्या पहिल्या संचालक झाल्या. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आल्या होत्या. इथे शिक्षण मोफत होतं आणि सुमारे दीड हजार लोक शिकून गेले.

बुलडोझरखाली गेलेली वीणा

१९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जागतिक मेळा भरणार होता. त्यासाठी शिल्प करायचं काम ऑगस्टाबाईंना मिळालं. असं काम मिळालेल्या त्या एकमेव कृष्णवर्णीय स्त्री. विषय होता कृष्णवर्णीयांचं संगीताला योगदान.

त्यांनी त्यासाठी जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' या गाण्याचा आधार घेतला. हे गाणं कृष्णवर्णीय समाजात राष्ट्रगीताच्या मानाने गायलं जातं. आपल्यासारख्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे जॉन्सन हे फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथले मुख्याध्यापक होते आणि १९०० साली हे गाणं पहिल्यांदा गायलं ते ५०० शाळकरी मुलांनी.

ऑगस्टाबाईंनी १६ फूट उंचीचं शिल्प केलं. हार्प हे पाश्चात्त्यांचं उभं तंतुवाद्य, आपल्या वीणेच्या कुळातलं. या शिल्पात हार्पच्या तारांच्या जागी गाणारी बारा माणसं उंचीच्या क्रमाने उभी आहेत. खालचा आधार म्हणजे देवाचा हात आणि त्याचा तळवा. पुढे एक तरुण गुडघ्यावर बसून संगीताचा कागद सगळ्यांसमोर धरतोय. मेळ्याच्या अधिकाऱ्यांनी त्याचं नाव बदलून नुसतं 'द हार्प' ठेवलं. लोकांना ते फार आवडलं. त्याच्या छोट्या प्रतिकृती आणि पोस्टकार्डं विकली गेली.

पण शिल्प प्लास्टरचं होतं. ब्रॉन्झमध्ये ओतायला पैसे नाहीत, हलवून ठेवायला जागा नाही. मेळा संपल्यावर इतर तात्पुरत्या बांधकामांबरोबर तेही बुलडोझरने पाडून टाकलं. आज त्याचे फक्त फोटो आणि छोट्या प्रतिकृती उरल्या आहेत.

अनंत चतुर्दशीला आपण मूर्ती पाण्यात सोडतो, तेव्हा मन तयार असतं. निरोप द्यायचाच असतो. इथे निरोप द्यायचा नव्हता, फक्त ठेवायला जागा नव्हती.

स्वतःचं कलादालन

या शिल्पासाठी बाईंनी आर्ट सेंटरमधून रजा घेतली होती. परत आल्या तेव्हा त्यांची जागा दुसऱ्या व्यक्तीला दिलेली होती. वय ४७. हातात नोकरी नाही.

अशा वेळी त्यांनी ८ जून १९३९ रोजी हार्लेममध्ये स्वतःचं कलादालन उघडलं : सलोन ऑफ कंटेम्पररी निग्रो आर्ट. तेव्हा निग्रो हा शब्द रूढ होता, आज तो अपमानकारक मानतात. कृष्णवर्णीय कलाकारांच्याच कामाला वाहिलेलं, कृष्णवर्णीय स्त्रीने चालवलेलं हे अमेरिकेतलं पहिलं कलादालन समजलं जातं. उद्घाटनाला पाचशेच्या वर लोक आले. रिचमंड बार्थे, ब्यूफर्ड डिलेनी, लोइस मेलू जोन्स अशा कलाकारांचं काम तिथे होतं.

लोक बघायला आले, पण विकत घेणारे फारच थोडे होते. ज्या वस्तीसाठी हे दालन होतं तिच्याकडे मंदीच्या काळात भाड्याचे पैसे नव्हते, तर शिल्प घ्यायला कुठून येणार? काही महिन्यांतच दालन बंद पडलं.

हे अपयशच होतं, ते झाकायचं कारण नाही. पण चित्र काढता येणं ही एक गोष्ट आणि ते भिंतीवर लागणं ही दुसरी. भिंत दुसऱ्याची असेल तर काय लावायचं हे तो दुसरा ठरवतो. फाँतेनब्लोला, मेळ्यात, सेंटरमध्ये ऑगस्टाबाईंनी हेच अनुभवलं होतं. म्हणून त्यांनी आपली भिंत उभी करून पाहिली.

शेवटची वर्षं

१९४५ मध्ये त्या न्यूयॉर्क शहर सोडून सॉगर्टीज या डोंगराळ भागातल्या छोट्या गावात राहायला गेल्या. तिथे कोंबड्या पाळल्या. एका प्रयोगशाळेत मदतनिसाचं काम केलं. तिथल्या मालकाने त्यांना मूर्तिकामाचं साहित्य दिलं. मोठी शिल्पं आता होत नव्हती, पण उन्हाळी शिबिरात मुलांना शिकवणं चालूच राहिलं. मुलांसाठी गोष्टीही लिहिल्या.

मार्च १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं. तोवर त्यांचं नाव बरेच जण विसरले होते. त्यांची कितीतरी शिल्पं प्लास्टरची किंवा मातीची होती, ती हरवली, फुटली. आपण घडवलेली मुलं पुढे काम करतील, तेच आपलं स्मारक, असं त्या मानत. ते पुढे खरं ठरलं.

आज सॉगर्टीजचं त्यांचं घर अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे. लहानपणी जिथे मार खाल्ला त्या गावाजवळच्या जॅक्सनव्हिल शहरातल्या संग्रहालयाने २०१८ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

आपल्यासाठी

हे चरित्र वाचल्यावर मी स्वतःला विचारलं की मी कोणाच्या जागी होते. मारणाऱ्या वडिलांच्या की एक डॉलर देणाऱ्या मुख्याध्यापकांच्या? त्या दिवशी तरी मी वडिलांच्या जागी होते. वडीलही वाईट नव्हते, त्यांना आपण मुलीचं भलंच करतोय असं वाटत होतं. मलाही वजाबाकी महत्त्वाची वाटत होती. ती महत्त्वाची आहेच. पण गोळा काढून घेऊन तासानंतर परत देता आला असता.

कौतुक आपण करतो. छान, शाब्बास म्हणतो, वहीवर स्टार देतो. पण मुलाने केलेली वस्तू ठेवायला वर्गात जागा असते का? घरी असते का? पालकहो, फ्लॅट लहान आहेत हे मलाही माहीत आहे, मी स्वतः वन रूम किचनमध्ये राहते. तरी टीव्हीशेजारी वीतभर जागा निघते.

आमच्या वर्गात आता खिडकीचा कट्टा मोकळा केलाय. मुलाने केलेली वस्तू तिथे नावाच्या चिठ्ठीसह आठवडाभर राहते. कोणती ठेवायची हे मुलं ठरवतात, मी नाही. चांगली-वाईट असा नंबर नाही. सोमवारी वस्तू घरी जाते आणि दुसऱ्याची येते.

वर्गात घेता येतील असे उपक्रम :

१. आपल्या घरातल्या एका माणसाला काम करताना मातीत घडवा.
२. 'गॅमिन'चा फोटो दाखवून मुलांना विचारा : हा मुलगा कोण असेल, आत्ता कुठून आला असेल?
३. परिपाठात उभं राहून सगळ्यांनी मिळून 'हार्प' करा. उंचीप्रमाणे उभे राहा आणि आपल्या आवडीचं समूहगीत म्हणा.
४. मोठ्या वर्गांसाठी चर्चा : शिष्यवृत्ती फक्त फीची असली तर काय होतं?

जीवनपट एका दृष्टिक्षेपात

१८९२ – ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज, फ्लोरिडा येथे जन्म
१९२१ – न्यूयॉर्क येथे आगमन, कूपर युनियनमध्ये प्रवेश
१९२३ – फाँतेनब्लोचा अर्ज वर्णामुळे नाकारला
१९२९ – 'गॅमिन', फेलोशिप आणि पॅरिस
१९३२ – सॅव्हेज स्टुडिओची सुरुवात
१९३७ – हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटरच्या संचालक
१९३९ – 'द हार्प' आणि स्वतःचं कलादालन
१९४५ – सॉगर्टीज येथे वास्तव्य
१९६२ – निधन

जाता जाता त्या मुलाविषयी. मी त्याची माफी मागितली आणि रिक्षा परत दिली. चाक फेविकॉलने चिकटवलं होतं, पण ते काही नीट बसलं नाही. पुन्हा एक कर म्हटलं तर त्याने मान हलवून नाही म्हटलं. महिनाभर त्याने मातीला हात लावला नाही. तेवढे दिवस मला फार जड गेले. मग एका सोमवारी कट्ट्यावर एनएमएमटीची बस उभी होती, आठ खिडक्यांची. मी मोजल्या. चिठ्ठीवर त्याचं नाव होतं, त्यानेच लिहिलेलं.

तुमच्या वर्गात, घरात असा कट्टा असेल तर जरूर कळवा. लेख आवडल्यास इतर शिक्षकांपर्यंत पोहोचवा.